सीनाय पर्वत : पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात, दक्षिणेकडच्या ग्रॅनाइटच्या डोंगरांत, २,२८५ मीटर उंचीचा एक उघडाबोडका माथा आहे. अरबीत त्याला जबल मूसा, म्हणजे मोशेचा डोंगर, म्हणतात. परमेश्वराने मोशेला दहा आज्ञा दिल्या तो मराठी बायबलातला ‘सीनाय पर्वत’ हाच, असे ख्रिस्ती परंपरा सोळाशे वर्षे मानत आली आहे. मुंबई-वसईकडून निघणाऱ्या होली लँड टूरमध्ये इजिप्तचा टप्पा असला की हा डोंगर बहुधा असतोच. मध्यरात्री उठवतात, टॉर्च हातात देतात, पहाटेपर्यंत वर नेतात. सूर्य उगवतो, फोटो निघतात, खाली आणून बसमध्ये बसवतात. घरी परतल्यावर विचारा, ‘काय पाहिलंत?’ उत्तर येते, ‘थंडी फार होती हो.’

त्यात यात्रेकरूंचा दोष नाही. माथ्यावर दाखवण्यासारखे फारसे काही नाहीच. एक छोटे देऊळ, तेही बहुतेक वेळा कुलूपबंद, एक छोटी मशीद, बाकी खडक. या डोंगराचे महत्त्व आहे ते मजकुरात, आणि तो मजकूर सोबत नसेल तर वर फक्त सूर्योदय मिळतो. इसवी सन ३८१ ते ३८४ च्या दरम्यान इजेरिया नावाची एक ख्रिस्ती स्त्री पश्चिम युरोपातून इथे आली होती. तिचे प्रवासवर्णन अर्धेमुर्धे टिकले आहे. तिची रीत अशी की प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर त्या ठिकाणचा उतारा बायबलातून वाचून घ्यायचा, मगच पुढे जायचे. आजही याहून चांगली रीत सापडलेली नाही. म्हणून कुठे थांबायचे आणि तिथे काय वाचायचे हे या लेखात आहे, आणि गुडघे शाबूत ठेवून तिथवर कसे पोहोचायचे हेही.

घरी असतानाच वाचून ठेवा

मराठी बायबलातले हे उतारे निघण्यापूर्वी एकदा सलग वाचा : निर्गम ३, निर्गम १९ व २०, २४, ३२ ते ३४, १ राजे १९, मत्तय १७ ची सुरुवात, गलतीकरांस ४ चा उत्तरार्ध, इब्रीकरांस १२ मधली १८ ते २४ ही वचने. सगळे मिळून तासा-दीड तासाचे काम. नंतर त्यांची कागदावर प्रिंट काढून घ्या. मोबाइलवर भिस्त ठेवू नका; थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि हातमोजे घालून स्क्रीन चालत नाही.

वाचताना काही गोष्टींकडे लक्ष असू द्या. एकाच डोंगराला दोन नावे येतात, सीनाय आणि होरेब. वेगळ्या ठिकाणाचा उल्लेख समजून बरेच नवे वाचक गोंधळतात; परंपरेने दोन्ही एकच मानले आहेत. दुसरे, इस्राएल लोकांनी डोंगर चढायचाच नाही, त्याला शिवायचेही नाही अशी सक्त ताकीद आहे. पायथ्याभोवती सीमा आखायला सांगितले आहे. गडगडाट, विजा, धूर, शिंगाचा वाढत जाणारा आवाज, आणि लोक खाली थरथरत उभे. वर जातो तो मोशे, तोही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पहिल्या दगडी पाट्या घेऊन उतरतो तर खाली सोन्याच्या वासरापुढे नाच चाललेला. पाट्या फुटतात, आणि दुसऱ्या आणायला त्याला परत चढावे लागते. आणि तिसरे : इथून तळ हलल्यावर बायबलात या डोंगराकडे परत कोण येते? एकटा संदेष्टा एलीया. पुढे राजे झाले, मंदिर झाले, पण यात्रेला सीनायवर कोणी गेल्याचा उल्लेख नाही.

यहुदी या डोंगराकडे कसे पाहतात

हे समजल्याशिवाय वर जाऊ नये असे आमचे मत आहे, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. एखाद्या यहुदी माणसाला ‘तुम्ही सीनायला जाऊन आलात का?’ असे विचारले तर तो बुचकळ्यात पडेल. यहुदी धर्मात सीनायइतकी मोठी घटना नाही, पण सीनाय हे तीर्थक्षेत्र मात्र नाही. तोंड करून प्रार्थना करायची ती यरुशलेमकडे.

याचे बीज निर्गम १९:१३ मध्येच आहे. शिंगाचा लांब सूर निघाला की लोकांनी डोंगराकडे यावे, असे तिथे म्हटले आहे. रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, त्याचा अर्थ असा लावला की परमेश्वराचे सान्निध्य होते तोवर डोंगर पवित्र. ते उठले, बंदी उठली, डोंगर पुन्हा डोंगर झाला. ताल्मुद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या तानीत या प्रकरणात हाच दाखला देऊन सांगितले आहे की जागेमुळे माणसाला मान मिळत नाही, माणसामुळे जागेला मिळतो. डोंगर नेमका कोणता हे यहुदी परंपरेने जपून ठेवले नाही, आणि त्यात काही गमावले असेही तिला वाटत नाही.

जपून ठेवले ते तिथे मिळालेले, म्हणजे तोरा, मोशेचे नियमशास्त्र. ‘मोशेला सीनायवरून तोरा मिळाली, त्याने ती यहोशवाला दिली, यहोशवाने वडीलजनांना’ अशी गुरुपरंपरेची साखळी ‘पिरके आवोत’ या रब्बींच्या वचनसंग्रहाच्या पहिल्याच वाक्यात आहे. लिखित तोरेसोबत तोंडी परंपराही तिथूनच आली अशी श्रद्धा आहे, म्हणून ज्या नियमाला शास्त्रवचनाचा आधार दाखवता येत नाही पण जो मुळापासून चालत आला आहे, त्याला ‘सीनायवर मोशेला मिळालेला नियम’ म्हणतात. सीनायवर परमेश्वराशी करार झाला तेव्हा पुढे जन्मणाऱ्या सगळ्या पिढ्या आणि पुढे यहुदी धर्म स्वीकारणारे लोकही त्यात धरले होते, असे ताल्मुद सांगतो. जो तिथे होताच, त्याने तिकीट काढून पुन्हा कशाला जायचे?

या घटनेचा सण म्हणजे शावुओत. वल्हांडणापासून सात आठवडे मोजून, सीवान महिन्याच्या ६ तारखेला, साधारण मे-जूनमध्ये तो येतो. रात्रभर जागून तोरेचा अभ्यास करतात, सकाळी सभागृहात (सिनेगॉगमध्ये) दहा आज्ञांचा उतारा वाचला जातो तेव्हा अनेक ठिकाणी मंडळी उभी राहतात, दुधातुपाचे पदार्थ होतात. सीनायची खरी ‘यात्रा’ पाहायची असेल तर त्या रात्री एखाद्या सभागृहात दिसते.

दोन कथा जाता जाता, त्या वर चढताना कामाला येतात. एका कथेत डोंगरांचे भांडण लागते : ताबोर म्हणतो माझ्यावर, कर्मेल म्हणतो माझ्यावर, आणि निवड होते सीनायची, कारण तो बुटका आणि नम्र. (जबल मूसा या कथेत कसाबसा बसतो. शेजारचा जबल कातरिना २,६०० मीटरांच्या वर आहे, इजिप्तमधला सर्वांत उंच.) दुसरी कथा जरा कडक आहे. परमेश्वराने डोंगर उचलून लोकांच्या डोक्यावर पिंपासारखा उपडा धरला आणि म्हटले, तोरा घेता तर बरे, नाहीतर इथेच तुमची कबर. ताल्मुदातल्या पंडितांनीच पुढे शंका काढली की मग हा करार जबरदस्तीचा झाला की काय. असल्या शंका मुळातच नोंदवून ठेवणे हा त्या परंपरेचा स्वभाव.

आणि ख्रिस्ती

नव्या करारात सीनायबद्दलचा सूर वेगळा आहे. गलतीकरांच्या पत्रात पौल सीनायची सांगड अब्राहामाची दासी हागार हिच्याशी आणि दास्याशी घालतो. इब्रीकरांचे पत्र तर सांगते की तुम्ही हाताने शिवता येणाऱ्या, आगीने पेटलेल्या डोंगराजवळ आलेले नाही, तुम्ही सियोन डोंगराजवळ, स्वर्गीय यरुशलेमजवळ आला आहात. असे असूनही हाताने शिवायला डोंगर शोधत आले ते ख्रिस्तीच. चौथ्या शतकापर्यंत या दऱ्यांत तपस्वी राहू लागले होते. सहाव्या शतकात, ५४८ ते ५६५ च्या दरम्यान, बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने पायथ्याशी तटबंदीचा मठ बांधला. तोच आजचा संत कॅथरीनचा मठ, ग्रीक ऑर्थोडॉक्स साधूंचा, आणि तो तेव्हापासून सलग चालू आहे.

ख्रिस्ती अर्थाची किल्ली मात्र मत्तय १७ मध्ये आहे. डोंगरावर येशूचे रूपांतर होते, म्हणजे तो तेजाने उजळतो, तेव्हा त्याच्याशी बोलताना दोघे दिसतात, मोशे आणि एलीया. दोघेही या डोंगरावर परमेश्वराच्या समोर उभे राहिलेले, आणि दोघांनाही त्याचे मुख दिसलेले नाही : एकाला खडकाच्या भेगेत लपवले, दुसऱ्याने अंगरख्याने स्वतःचा चेहरा झाकला. रूपांतराच्या डोंगरावर तेच दोघे समोरासमोर पाहतात. म्हणून सीनायच्या मठातले मुख्य मंदिर रूपांतराला वाहिलेले आहे, जरी रूपांतर इथे घडले असे कोणीच म्हणत नाही. परंपरेने ती जागा गालीलातला ताबोर. हे लक्षात ठेवा, मठात गेल्यावर लागेल.

मुसलमानांनाही हा डोंगर पूज्य आहे, माथ्यावर आणि मठाच्या आतही मशीद आहे. ‘खरा सीनाय हाच कशावरून?’ हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पुरातत्त्वाचा पुरावा नाही. जबल सर्बाल, नेगेवमधला हार कार्कोम, सौदी अरेबियातला जबल अल-लॉझ अशी इतर नावे पुढे येत असतात. वाटेत यावर वाद घालून दम घालवू नका.

दिवस आणि वेळ

सगळ्यात जास्त लोक फसतात ते वारात. मठ पाहुण्यांसाठी फक्त सकाळी उघडतो, साधारण ९ ते ११.३०, आणि शुक्रवारी, रविवारी व ऑर्थोडॉक्स सणांना बंद असतो. ऑर्थोडॉक्स ईस्टर आपल्याकडच्या चर्चच्या तारखेला येईलच असे नाही, हेही पाहून घ्या. म्हणजे रात्री चढून सकाळी मठ पाहायचा असेल तर चढाईची रात्र रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवारची हवी. शनिवारी रात्री चढलात की उतरल्यावर बंद दार. टूरवाला ‘बघू’ म्हणत असेल तर बुकिंगआधीच वार लिहून मागा, आणि निघण्याच्या आठवड्यात वेळा पुन्हा विचारा. २०२५ साली मठाच्या जमिनीच्या मालकीवरून न्यायालयाचा निकाल आला, आणि आसपास सरकारी पर्यटन प्रकल्पाचे बांधकामही चालू झाले आहे. व्यवस्था बदलू शकतात.

पोहोचायचे रस्त्याने. लाल समुद्रावरच्या दाहाबहून सुमारे दोन तास, शर्म अल-शेखहून तीनच्या आसपास, कैरोहून सुएझखालच्या बोगद्यातून सात-आठ तास. वाटेत तपासणी नाकी आहेत, मूळ पासपोर्ट हाताशी ठेवा. काही देशांच्या लोकांना फक्त सिनाईपुरता शिक्का सीमेवर मिळतो, तो भारतीय पासपोर्टवर मिळेल असे गृहीत धरू नका. इजिप्तचा व्हिसा आधी काढा, आणि इस्राएलला जाऊन परत इजिप्तमध्ये यायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा. सीमेवरची परिस्थिती आणि परराष्ट्र मंत्रालयाची सूचना त्या महिन्यातली बघायची, मागच्या वर्षीच्या यात्रेकरूची माहिती चालत नाही.

ऋतू म्हणाल तर मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, कधी बर्फही पडते आणि दगडी पायऱ्या निसरड्या होतात. उन्हाळ्यात रात्र सुसह्य असते, पण सकाळी आठनंतर उतरताना खडक तापलेला असतो.

पाठीवर काय

पाणी माणशी दीड ते दोन लिटर. कपाळावर बांधायची टॉर्च आणि जादा सेल. हातातली टॉर्च नको, शेवटच्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. खजूर, शेंगदाण्याची चिक्की, असे काही. घोट्याला धरणारे आणि आधी वापरून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट घालून आलेला माणूस पहिल्या तासातच ओळखू येतो. इजिप्शियन पौंडांच्या लहान नोटा, कारण चहा, कांबळे, स्वच्छतागृह सगळ्याला सुटे लागतात. मठासाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे.

आणि एक कोरडा बनियन किंवा टी-शर्ट, प्लास्टिकच्या पिशवीत. ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. चढताना घाम येतो, माथ्यावर वारा लागतो, आणि ओला कपडा अंगावर बर्फासारखा होतो. लोक जाड जाकीट आणतात, पण आत ओलेच राहतात, म्हणून कुडकुडतात. वर पोहोचताच आधी आतला कपडा बदला, मग जाकीट, टोपी, मोजे.

चढाई

मठ सुमारे १,५५० मीटरांवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६. म्हणजे आपला सर्वांत उंच डोंगर जिथे संपतो, जवळपास तिथून ही चढाई सुरू होते, आणि चढायचे असते सुमारे ७०० मीटर. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. दम लागतो तो भरभर चालल्याने.

सोबत बेदुइन वाटाड्या घ्यावाच लागतो. हे लोक जबालिया जमातीचे. जस्टिनियनने मठाच्या राखणीसाठी आणून वसवलेल्या माणसांचे आपण वंशज, असे ते सांगतात. धर्माने मुसलमान, आणि पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती मठाचे राखणदार. निघण्यापूर्वीच त्याच्याशी एक गोष्ट पक्की करा : वर जाताना उंटवाटेने, उतरताना पायऱ्यांनी. नंतर सांगितले तर तो नाखूश असतो, कारण त्याची नेहमीची फेरी उंटवाटेनेच परत येते.

वाटा दोनच. उंटवाट रुंद, वळणावळणाची, सहा-सात किलोमीटरांची. एकोणिसाव्या शतकात इजिप्तच्या अब्बास पाशाच्या काळात काढलेली. दुसरी साधूंनी रचलेल्या दगडी पायऱ्यांची, परंपरेने ३,७५०, पश्चात्तापाच्या पायऱ्या म्हणून प्रसिद्ध. गिरनारच्या दहा हजार पायऱ्या चढलेल्यांना आकडा किरकोळ वाटेल, पण गिरनारसारख्या त्या घडीव नाहीत. एक गुडघाभर, दुसरी वीतभर, तिसरी डुगडुगणारी. अंधारात या वाटेला जाऊ नये.

निघायची वेळ सूर्योदयावरून उलटी मोजा. जूनमध्ये सूर्योदय सुमारे पावणेसहाला, डिसेंबर-अखेरीस साडेसहाच्या आगेमागे. मध्यम चालीच्या माणसाला वर पोहोचायला अडीच ते तीन तास लागतात, त्यात अर्धा तास जादा धरा. म्हणजे सूर्योदयाआधी साडेतीन तास. गट याहून लवकर निघतात, मग माथ्यावर तासभर काळोखात कुडकुडत बसतात. घाई वाटाड्याची असते, तुमची नसावी.

पायथ्याशी उंटवाले गाठतातच. चालायचे असेल तर एकदाच ठाम नकार द्या आणि नजर पुढे ठेवा. बसायचे असेल तर भाव आधी, आणि भाव एका फेरीचा की दोन्ही बाजूंचा हेही आधी. एक गोष्ट ते आपणहून सांगत नाहीत : उंट माथ्यापर्यंत जात नाही. शेवटच्या सुमारे ७५० पायऱ्या प्रत्येकाला पायीच चढाव्या लागतात, आणि गुडघेदुखीवाल्यांची खरी परीक्षा तिथेच असते. उंटावरून तासभर न हलता बसलेले पाय थंडीने आखडलेले असतात. उतरल्यावर पाच मिनिटे जागेवर चालून मगच पायऱ्या धरा. ज्यांना त्या झेपणार नाहीत त्यांनी तिथल्या चहाच्या खोपटात कांबळे घेऊन थांबावे. तिथूनही पूर्व दिसते.

वर जाताना काही वाचायचे नाही. अंधार असतो, मागून लोक येत असतात. सगळे वाचन माथ्यावर आणि उतरताना.

ज्यांच्या टूरला घाई नाही त्यांनी सूर्योदय सोडून सूर्यास्ताचा विचार करावा. दुपारी अडीच-तीनला निघा, उजेडात पायऱ्यांनी चढा, अंधार पडता उंटवाटेने उतरा. गर्दी फारच कमी, आणि वाचनही चढत्या क्रमाने होते. आम्हाला विचाराल तर हेच बरे.

माथ्यावर

समोरचे दगडी देऊळ १९३४ सालचे, जस्टिनियनच्या काळातल्या पडक्या मंदिराच्या जागी बांधलेले. शेजारच्या मशिदीखालच्या गुहेत मोशे चाळीस दिवस राहिला असे सांगतात. सूर्योदयाच्या वेळी काठाकडे रेटारेटी होते, कठडा सगळीकडे नाही. देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसलात तर वाराही अडतो आणि पूर्वही दिसते.

सूर्य वर आला की पंधरा-वीस मिनिटांत तीन-चतुर्थांश माणसे खाली निघतात. तेव्हा उठू नका. आता निर्गम १९ काढा, आणि वाचता वाचता खाली पाहा. त्यानंतर २४ वा अध्याय, आणि ३३:१८ पासून ३४:८ पर्यंत : मोशे तेज दाखव म्हणून मागतो, त्याला खडकाच्या भेगेत ठेवतात, आणि तो पाहतो ते फक्त पाठमोरे. दहा आज्ञा सगळ्यांना माहीत असतात. हा उतारा माहीत नसतो, आणि माथ्यावर तो जास्त भिडतो.

उतरताना

पहिल्या ७५० पायऱ्या परत उतरल्या की खोलगट सपाटी लागते, एलीयाचे खोरे. उंच सरूचे झाड आहे, एलीया आणि अलीशा यांच्या नावाची छोटी देवळे आहेत. इथे १ राजे १९ वाचा. कर्मेलवर आग पाडून जिंकलेला एलीया ईजबेल राणीच्या भीतीने पळतो, मरण मागतो, चाळीस दिवस चालून होरेबच्या गुहेत येतो. मोशेच्या वेळी इथेच धरणीकंप आणि आग होती. या खेपेला वारा येतो, भूकंप होतो, आग येते, आणि परमेश्वर त्यांत नसतो. मग एक शांत, मंद वाणी. सकाळच्या त्या वेळी खोऱ्यात खरोखरच आवाज नसतो.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी मंडळींना एलीया परका नाही. ते त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात, आणि लग्नकार्यात, नवस फेडताना त्याच्या नावाने मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वर फळे. अलिबागजवळ खंडाळे गावात एका खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या आणि घोड्याच्या मानल्या जातात. तो स्वर्गात गेला तो तिथून, अशी श्रद्धा आहे. मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी सीनायला न जाता सीनायचा माणूस असा आपल्या गावात आणला.

इथून पायऱ्यांच्या वाटेला लागा. गुडघ्यांवर भार येतो तो इथेच; पाऊल तिरपे टाका, काठी असेल तर खालच्या पायरीवर आधी ती टेकवा. दीड तास धरा. वाटेत दगडी कमानी लागतात. एकीत सहाव्या शतकातला साधू स्टेफनोस बसून वर जाणाऱ्यांकडून पापांची कबुली घेत असे, असे सांगतात. इथला उतारा स्तोत्र २४ : परमेश्वराच्या डोंगरावर कोण चढेल? ज्याचे हात स्वच्छ आणि मन शुद्ध, तो. स्टेफनोसचा सांगाडा आजही मठाच्या अस्थिगृहात, अंगावर वस्त्रे घातलेला, बसवून ठेवला आहे.

मठात

नऊच्या आधी दारात पोहोचा, बसगाड्या साडेनऊपासून येऊ लागतात. आत मिळणारा वेळ कमी, म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी मुख्य मंदिर. तिथे फोटो काढायचे नाहीत. वेदीवरच्या अर्धघुमटात सहाव्या शतकातले रूपांतराचे मोझेइक आहे : मध्ये ख्रिस्त, दोन्ही बाजूंना मोशे आणि एलीया, पायाशी पेत्र, याकोब, योहान. नजर तिथेच थांबवू नका, अर्धघुमटाच्या वरच्या भिंतीकडे न्या. एका बाजूला मोशे जळत्या झुडपापुढे वहाणा सोडतो आहे, दुसऱ्या बाजूला नियमशास्त्र घेतो आहे. निर्गम ३, निर्गम ३४ आणि मत्तय १७ एकाच भिंतीवर. उतारे वाचून आलेल्याला अर्ध्या मिनिटात उलगडते. न वाचलेल्याला वाटाड्या फक्त ‘फार जुने आहे’ एवढेच सांगतो.

दुसरे, संग्रहालय, तिकीट वेगळे असते, पण ते चुकवू नका. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात मूर्तिभंजकांनी चित्रे नष्ट केली, तेव्हा सिनाई मुस्लीम सत्तेखाली होते, सम्राटाचा हुकूम इथे पोहोचत नव्हता. म्हणून इतकी जुनी प्रतिमाचित्रे इथेच उरली. सहाव्या शतकातल्या ख्रिस्ताच्या प्रसिद्ध चित्राची प्रत तरी पाहा, आणि चेहऱ्याचा अर्धा भाग हाताने झाकून पाहा. एक बाजू सौम्य, दुसरी कठोर. चौथ्या शतकातली बायबलची हस्तलिखित प्रत, कोडेक्स सिनायटिकस, इथलीच. एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वान टिशेनडॉर्फने ती पाने बाहेर नेली. सर्वांत मोठा भाग आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि ती पाने कोणत्या हक्काने गेली यावर मठाची नाराजी अजून संपलेली नाही.

परंपरेने मोशेचे मानलेले जळते झुडूप शेवटी ठेवा. मंदिराच्या मागच्या अंगाला, दगडी चौथऱ्यावरून खाली लोंबणारे, ब्लॅकबेरीच्या जातीचे काटेरी झुडूप. पाने तोडू नका. पूर्वी यात्रेकरूंनी इतकी तोडली की खालची बाजू हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावी लागली. ख्रिस्ती चित्रकार जळूनही न जळणाऱ्या या झुडपात मरियेला पाहतात, देवाला उदरात वागवूनही अबाधित राहिलेली म्हणून. इथे निर्गम ३ मधली पहिली सहा वचने वाचा, मोठ्याने नको. मागून पुढचा गट फोटोसाठी सरकायला सांगेल. साडेअकराच्या आत बाहेर पडा, आणि बसमध्ये चढण्याआधी बूट काढून पायाची बोटे मोकळी करा.